गिटारच्या साइडपट्ट्या वाकवणे : शिसम, पाइप आणि आपल्याकडचा उन्हाळा

सहावी_तार (लातूर)

नमस्कार मंडळी. अकूस्टिक गिटार हातानं बनवायला घेतली आहे. स्टीलच्या तारांची, ओएम (ऑर्केस्ट्रा मॉडेल) आकाराची. स्प्रूसची वरची पाटी आणि शिसमची मागची पाटी जोडून झाल्यात, मान अजून नुसता ठोकळा आहे. आता साइडच्या पट्ट्यांपाशी येऊन थांबलोय.

पट्ट्या शिसमच्याच, एकाच फळीतून चिरलेली जोडी. ८४ सेंमी लांब, साडेबारा सेंमी रुंद, जाडी सध्या साडेतीन मिमी. व्हिडिओ भरपूर बघितले, त्यानं गोंधळच वाढला. एक म्हणतो रात्रभर भिजवा, दुसरा म्हणतो थेंबसुद्धा लावू नका. कुणी तापलेल्या पाइपवर हातानं वाकवतो, कुणाकडं विजेवर तापणाऱ्या ब्लँकेटचं यंत्र. माझ्याकडं यंत्र नाही आणि दुसरी जोडी आणायची ऐपतही नाही, म्हणून आधी विचारतो.

जाडी किती ठेवू? भिजवू किती? घरी बोअरचं पाणी आहे, भांड्यावर पांढरा थर धरतो, ते चालेल का? आणि एप्रिल संपत आलाय, दुपारी खोलीतला हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता मोजणारं यंत्र) २२ टक्के दाखवतो. पाऊस पडेपर्यंत थांबू का?

वखारवाला (परभणी)

पाण्याचं, पाइपचं नंतर बगा. आधी फळीचं तोंड बगा. पट्टीच्या टोकाला, जिथं आडवा छेद दिसतो तिथं, वाढीच्या रेषा उभ्या आहेत का आडव्या? जाडीच्या दिशेनं उभ्या असल्या तर उत्तम. आडव्या असल्या तर पट्टी वाकताना रुंदीतही पन्हळीसारखी वळायला बघते.

दुसरं, बाजूच्या अरुंद कडेवरून बगा, रेषा पट्टीच्या लांबीबरोबर सरळ चालतात का तिरक्या होऊन पृष्ठभागातून बाहेर पडतात. डोळ्याला कळत नसलं तर उरलेल्या तुकड्याची पटाशीनं ढलपी काढा. ढलपी सरळ सुटली तर बरं. खोल खोल जात राहिली तर रेषा तिरकी आहे, आणि कमरेच्या, म्हणजे गिटारीच्या मधल्या आत गेलेल्या भागाच्या, वळणावर तिथंच फास (तंतूंची बारीक ढलपी) निघणार. आमच्या वखारीत माणसं लाकडाचा रंग बघून पैसे देतात. रेषा कामून बघत नाहीत देव जाणे.

भट्टीत वाळवलेलं आहे का सावलीत, ते विक्रेत्याला विचारा. सावलीत वाळलेलं लाकूड वाकायला कधीही बरं.

सहावी_तार

बघितलं. रेषा बऱ्यापैकी उभ्या आहेत, एका टोकाला थोड्या कलतात. ढलपी सरळ सुटली. वाळवणीचं विक्रेत्याला सांगता आलं नाही.

उदगीरकर

एक शंका, हसू नका. आमच्या भागात शिसम कुठं मिळतंय आता? बाभळीच्या पट्ट्या वाकतील का? आणि आमच्या गल्लीतले बुरूड बांबू जाळावर धरून बघता बघता वाकवतात, ना भिजवणं ना थर्मामीटर. लाकडालाच एवढं नाटक कशाला?

वखारवाला

उदगीरकर, बाभळीची ८५ सेंमी सरळ रेषेची, गाठ नसलेली पातळ फळी काढून दाखवा, चहा माझ्याकडं लागला. तिफण, वखर, गाडीच्या चाकाचे आरे, याला बाभळीसारखं लाकूड नाही. पण ती पिळाची असते. त्यापेक्षा तून बगा, हलकं आणि महोगनीच्या कुळातलं. सागवान पण चालतं, फक्त त्यातल्या वाळूसारख्या कणांनी रंध्याचं पातं लई लवकर मरतं, आणि तेलकट असल्यानं चिकटवायच्या आधी ॲसिटोननं पुसावं लागतं. गावरान आंब्याचं लाकूड तर हवाई बेटांवर युकुलेलीला सर्रास वापरतात. मात्र आंबा आणि साग दोन्ही १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात आहेत. शेतात स्वतःचं झाड असलं तरी परवानगीशिवाय कुऱ्हाड लावू नका.

तारसप्तक (नांदेड)

उदगीरकरांच्या बांबूच्या प्रश्नात तथ्य आहे. बुरूड वापरतात तो बांबू बहुतेक वेळा ओला, ताजा तोडलेला असतो. भिजवायचं पाणी त्याच्या आतच आहे, वरून फक्त जाळ द्यायचा.

मी यंत्र अभियांत्रिकी शिकवते, म्हणून थोडं गणित. पट्टी वाकवली की बाहेरचा पृष्ठभाग ताणला जातो, आतला दाबला जातो. ताण किती, तर जाडी भागिले वळणाच्या त्रिज्येची दुप्पट. २.२ मिमीची पट्टी ७५ मिमी त्रिज्येवर वाकवली तर सुमारे दीड टक्का. कोरडं, थंड लाकूड साधारण एका टक्क्याच्या आसपास ताणलं की तुटतं. म्हणजे गरम न करता हे व्हायचंच नाही.

लाकडात तंतूंना धरून ठेवणारं लिग्निन असतं, ते तापलं की मऊ पडतं. ओल असेल तर शंभर अंशांच्या आतबाहेर, अगदी कोरडं असेल तर त्याहून बरंच वर. पाण्याचा उपयोग तेवढ्यासाठी. वाफ होऊन उष्णता आतपर्यंत जाते आणि वरचा थर जळत नाही. गार पाण्यात रात्रभर बुडवून लाकूड मऊ होतं हा गैरसमज आहे.

महत्त्वाची गोष्ट अशी की मऊ झालेलं लाकूड दाबलं जायला भरपूर तयार असतं, ताणलं जायला मात्र फारच थोडं. म्हणून जिथं तुटायचं ते बाहेरच्या बाजूनं तुटतं. व्हिएन्नाच्या थोनेटनं १८५९ मध्ये ती प्रसिद्ध १४ नंबरची खुर्ची काढली, तिचे दांडे वाकवताना बाहेरून लोखंडी पट्टी घट्ट बांधलेली असायची. बाहेरची बाजू ताणू द्यायचीच नाही, सगळं आतून दाबलं जाऊ द्यायचं. गिटारवाले पट्टीच्या पाठीला स्प्रिंग स्टीलचा पातळ पत्रा लावतात, त्यामागे हेच तत्त्व आहे.

सहावी_तार

ताई, हे कुठल्याच व्हिडिओत नव्हतं. मग जाडी कमी केली की ताणही कमी, असंच ना?

तारसप्तक

हो. आणि ताठपणा तर जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. अडीच मिमीची दोन मिमी केली की तो जवळजवळ निम्म्यावर येतो.

रंधाकाका (छत्रपती संभाजीनगर)

चार दिवस कामात होतो, धागा आज बघितला. ताईंनी आणि वखारवाल्यांनी मुद्द्याचं सांगितलंच आहे, मी हाताचं सांगतो. वाळूजला टूलरूममध्ये आयुष्य गेलं, गिटारी निवृत्तीनंतरच्या.

सहावी_तार, साडेतीन मिमीवर पाइपजवळ जायचंच नाही. शिसमला २.१ ते २.२ वर आण, कमरेच्या भागात २.० चालेल. आणि नुसती पातळ करून भागत नाही, सारखी कर. दर दोन-अडीच इंचाला, वरच्या कडेला आणि खालच्या कडेला, व्हर्नियर लावून आकडा पेन्सिलीनं पट्टीवरच लिही. मिमीच्या दहाव्या भागापेक्षा जास्त फरक नको. नंतर पट्टी दोन्ही टोकांना धरून हलकी कमान कर आणि बाजूनं बघ. कमान गोल आली पाहिजे. मध्येच कुठं टोक काढल्यासारखी दिसली तर ती जागा पातळ राहिली आहे, आणि गरम झाल्यावर सगळा वाक तिथंच गोळा होणार. लोक हे काम कंटाळून उरकतात आणि मग लाकडाच्या नावानं खडे फोडतात. माझ्या मते निम्म्याहून जास्त बाक इथंच ठरतो.

पाइप : अडीच इंच व्यासाचा ॲल्युमिनियमचा किंवा स्टेनलेसचा घे, भंगारात मिळतो. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पाण्याचा पाइप घेऊ नको. आतून टॉर्चची ज्योत थेट लागली की जस्त तापून त्याचा धूर होतो, तो छातीत जाणं वाईट. साधं लोखंडही नको. ओल्या शिसमला लोखंड लागलं की काळे डाग पडतात. पाइप व्हाइसमध्ये आडवा पकड, एका तोंडातून गॅसचा टॉर्च, दुसरं तोंड पत्र्यानं अर्धं झाक. खालचा भुसा, रंध्याच्या साली आधी झाडून घे आणि शेजारी पाण्याची बादली ठेव. हे सांगायला लागू नये, पण सांगतो.

तापमान बघायला यंत्र नसलं तरी अडत नाही. भाकरीचा तवा तापला का हे बघायला घरात पाणी शिंपडतात, तसंच. थेंब पसरून उकळत बसला तर अजून वेळ आहे. गोळी होऊन नाचत पळाला तर तयार आहे. थर्मामीटर असलाच तर १६० ते १८० च्या दरम्यान ठेव.

खुणा : दोन्ही पट्ट्यांवर खडूनं लिही, बाहेरची बाजू कुठली, मान कुठं, बूड कुठं, पाठीची कड कुठली. दोन्ही शेजारी ठेवल्यावर आरशातल्यासारख्या दिसल्या पाहिजेत. एकाच बाजूच्या दोन पट्ट्या तयार होणं हा या धंद्यातला सगळ्यात जुना घात आहे. बुडाच्या टोकापासून कमरेचं अंतर नकाशावर दोरी फिरवून मोज आणि ती रेघ ठळक ओढ.

आता वाकवणं. सुरुवात कमरेपासून, कारण तिथलं वळण उलट दिशेचं आणि घट्ट. पट्टी ओली कर, कमरेच्या जागी ओल्या खाकी कागदाची पट्टी गुंडाळ म्हणजे जळत नाही. पाइपवर ठेव आणि दाबू नको. नुसती पुढं-मागं, दोन-तीन इंचांत डोलवत राहा. वाफ निघायला लागते, तपकिरी-जांभळट पाणी ठिबकतं, शिसमचा गोडसर वास येतो. तोपर्यंत पट्टी तळहाताला उलट ढकलत असते. मग एका टप्प्याला तो जोर सैल पडतो. बोटांना स्पष्ट कळतं, सांगून समजत नाही. तो सैलपणा आला की रुंद लाकडी ठोकळ्यानं संपूर्ण रुंदीवर सारखं दाबायचं, पट्टी जेवढी स्वतःहून येईल तेवढंच. थांबली की परत पाणी, परत डोलवणं. जोर लावून नेलीस तर करकर आवाज येईल, आणि तो आवाज आला म्हणजे उशीर झालेला असतो.

थोडा बाक आला की प्लायवर काढलेल्या पूर्ण मापाच्या आकृतीवर ठेवून बघ. मनासारखी आली की पाइपवरून उचल आणि गार होईपर्यंत हातांत त्याच आकारात धरून ठेव. लाकूड गार होताना बसतं. गरम असताना सोडलीस तर निम्मा बाक परत जातो. कमरेनंतर वरचा फुगीर भाग, शेवटी खालचा मोठा. दर वेळी गुण्या लावून पीळ बघ. पट्टी पिळली असली तर पुढं साच्यात ती सुधारत नाही, लपते फक्त.

जास्त वाकली तर घाबरू नको, गरम करून सैल सोड, परत येते. पण तीच जागा सारखी भिजव-तापव-वाळव केली की लाकूड ठिसूळ होत जातं. डाग जळालेला असला तर स्क्रॅपरनं निघतो, कोरडा होऊन मेलेला तंतू परत जिवंत होत नाही.

पुण्यातला_बीडकर

काकांचा प्रतिसाद वाचनखूण करून ठेवला. तरी एक बाजू मांडतो. मी ब्लँकेट वापरतो. खाली प्लायचा साचा, त्यावर स्प्रिंग स्टीलचा पत्रा, मग फॉइलमध्ये गुंडाळलेली पट्टी, वर सिलिकॉनचं हीटिंग ब्लँकेट, वर परत पत्रा. दीडशे अंशांपर्यंत आणायचं, कमरेचा स्क्रू खाली घ्यायचा, मग दोन्ही बाजू स्प्रिंगनं ओढून खाली. गार होऊ द्यायचं, एकदा परत तापवायचं, साच्यातच रात्रभर सोडायचं. दोन्ही पट्ट्या तंतोतंत सारख्या येतात. यंत्राची मूळ कल्पना अमेरिकेतल्या चार्ल्स फॉक्स यांची, त्यात ब्लँकेटऐवजी साधे पिवळे बल्ब होते.

पाइप शिकायला चांगला, पण ज्याच्याकडं एकच जोडी आहे त्याला मी पाइप सांगणार नाही.

रंधाकाका

बीडकर, दहा गिटारी एकाच आकाराच्या करायच्या असतील तर तुमचं बरोबर. एका गिटारीसाठी साचा, पत्रे, ब्लँकेट, कंट्रोलर जमवायला गिटारीइतकाच वेळ आणि शिसमच्या दोन जोड्यांचे पैसे जातात. आणि यंत्रावर पट्टी तुटताना ती झाकलेली असते, बाहेर काढल्यावरच कळतं. पाइपवर ती आधी हाताला सांगते.

एकच जोडी आहे हा मुद्दा मात्र खरा. म्हणून शिसमला हात लावायच्या आधी सागवानाच्या किंवा तुनीच्या, त्याच जाडीच्या, त्याच रुंदीच्या पट्टीवर हात बसवून घे. अरुंद पट्टीवर सराव करू नको, अरुंद कसंही वाकतं.

पुण्यातला_बीडकर

मान्य नाही, पण वाद वाढवत नाही. :) एक विचारतो, कपड्यांचं सॉफ्टनर पाण्यात मिसळून मारतात त्याबद्दल काय मत?

रंधाकाका

लहरी रेषांच्या मेपलसारख्या आडमुठ्या लाकडाला लोक वापरतात आणि फरक पडतो म्हणतात. शिसमला गरज नाही. ते स्वतःच तेलकट आणि वाकायला शहाणं असतं. जे पुढं चिकटवायचं आणि ज्यावर पॉलिश चढवायचं त्यात उगाच काही मुरवू नये, हे माझं मत.

सहावी_तार

काका, पाण्याचं राहिलं. बोअरचं चालेल?

रंधाकाका

नको. क्षारांपेक्षा भीती लोहाची. बोअरच्या पाण्यात ते असू शकतं, लोखंडी टाकीत हमखास असतं. शिसमातल्या टॅनिनशी त्याची गाठ पडली की निळसर-काळे ठिपके उठतात. पुसून जात नाहीत. जारचं पाणी घे, नाहीतर सरळ बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी आण, कुठल्याही बॅटरीवाल्याकडं मिळतं, स्वस्त असतं. शिसम दहा-पंधरा मिनिटं ओलं केलं की पुरे. जास्त भिजवलं तर रंग सुटतो आणि पट्टी लाटांसारखी होते. स्प्रूस शेजारी असेल तर दूर ठेव, त्यावर शिसमचं पाणी उडालं तर डाग कायमचा.

सहावी_तार

आणि उन्हाळा? थांबू की करू?

रंधाकाका

वाकवणं आत्ताच कर, त्याला ऋतू लागत नाही. पाइपवर आपण हवेपेक्षा कितीतरी जास्त ओल आणि उष्णता देतोच. वाळलेलं लाकूड असल्यामुळं पाणी थोडं जास्त वेळा मारावं लागेल, इतकंच. वाकवल्यावर पट्ट्या साच्यात आतून आधार लावून ठेव आणि उन्हापासून दूर ठेव.

ऋतू बघायचा तो आडव्या काठ्या चिकटवताना आणि पेटी बंद करताना. ताई, हा हिशोब तुम्हीच मांडा.

तारसप्तक

हवेतल्या आर्द्रतेप्रमाणं लाकूड स्वतःतली ओल जुळवून घेतं. आपल्या मे महिन्यात आर्द्रता २०-२५ वर असली तर लाकूड साधारण ५ टक्के ओलीवर येतं. पावसाळ्यात ८० वर राहिली तर १५-१६ टक्क्यांवर. स्प्रूसची पाटी दर एक टक्का ओलीमागं रुंदीत सुमारे ०.१५ टक्का आकुंचन-प्रसरण पावते. खालच्या फुगीर भागाची रुंदी ४० सेंमी धरली, तर दहा टक्के फरकाला जवळपास ६ मिमी.

पाटीच्या आतून आडव्या चिकटवलेल्या काठ्या लांबीच्या दिशेनं जवळजवळ आकसतच नाहीत. जुलैत पेटी बंद केली तर पुढच्या एप्रिलमध्ये पाटीला ते ६ मिमी आकसायचं असतं आणि काठ्या सोडत नाहीत. परिणाम म्हणजे भेग. उलट फारच कोरड्यात बंद केली तर पावसाळ्यात पोट फुगतं, तारा वर येतात. भेगेपेक्षा ते परवडतं, पण तेही नको. जगभर लोक ४५-५० आर्द्रतेवर हे काम करतात ते यासाठी.

सहावी_तार, २२ दाखवणारा हायग्रोमीटर आधी तपासा. बाटलीच्या बुचात मीठ घ्या, चिखलासारखं होईल इतपत पाणी घाला, हायग्रोमीटरबरोबर हवाबंद डब्यात ठेवून सात-आठ तास विसरून जा. त्यानं ७५ दाखवायला हवं. ७० दाखवलं तर पाचाची चूक डोक्यात धरायची.

उदगीरकर

कूलर लावलेल्या खोलीत करा की मग! आर्द्रता आपोआप पन्नास.

सहावी_तार

कल्पना चांगली आहे, पण कूलरला पाणी? २०१६ ला रेल्वेनं पाणी आणलेलं गाव आहे आमचं. अवांतर : मिरजेहून लातूरला दोनच गोष्टी आल्या, तंबोरे आणि पाणी.

मिठाची चाचणी केली. माझा हायग्रोमीटर सहानं कमी दाखवतो.

तारसप्तक

म्हणजे खोलीत २८ आहे. तरीही कोरडंच. कूलरची कल्पना मला हसण्यावारी नेण्यासारखी वाटत नाही. लहान खोली, दार लावलेलं, कूलर मधूनमधून. फक्त झोत थेट लाकडावर नको, आणि काम सुरू करायच्या आधी पाट्या दोन-तीन आठवडे त्याच हवेत राहिलेल्या हव्यात.

उदगीरकर

सगळं वाचून एक मूलभूत प्रश्न. शिसम, शिसम एवढं चाललंय, आवाजात खरंच फरक पडतो का?

पुण्यातला_बीडकर

आवाज मुख्यतः वरच्या पाटीचा. स्पेनचे आंतोनियो दे तोरेस यांनी १८६२ मध्ये एक गिटार केली, वरची पाटी स्प्रूसची आणि बाजू-पाठ चक्क कागदाच्या लगद्याच्या. हेच दाखवण्यासाठी. ती आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. २०१८ मध्ये इंग्लंडमध्ये लँकेस्टर विद्यापीठाच्या लोकांनी फक्त बाजू-पाठीचं लाकूड वेगळं असलेल्या सहा गिटारी ५२ वादकांना दिल्या, न दिसतील अशा बेतानं. वादकांना विशेष फरक सांगता आला नाही.

शिसम वाकायला चांगलं, दिसायला चांगलं, विकायला चांगलं. विकायचीच असेल आणि परदेशात पाठवायची असेल तर एक लक्षात ठेवा, शिसम ज्यात मोडतं ती सगळी डालबर्जिया प्रजाती २०१७ पासून आंतरराष्ट्रीय निर्बंधांच्या यादीत आहे. २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली, नुसत्या लाकडाला नाही.

वखारवाला

म्हणजे पुठ्ठ्याची केली तरी वाजते म्हणा की. आमचा धंदा बसवायलाव तुम्ही बीडकर.

सहावी_तार

मंडळी, झालं. आधी सागवानाच्या पट्टीवर हात बसवला आणि मग शिसम. दोन्ही पट्ट्या आत्ता साच्यात आहेत.

काकांनी सांगितलेला तो सैलपणा खरंच कळतो. पहिल्यांदा वाटलं पट्टी तुटलीच, इतकी अचानक मऊ पडली. तळहात जांभळे झालेत आणि घरात दोन दिवस तो वास आहे, आई म्हणाली देवघरात धूप कुणी लावला.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. डावी पट्टी साच्यात घालताना कमरेला चार-पाच मिमी उघडी राहते. आणि उजवीच्या कमरेवर बाहेरून केसाएवढा एक फास उचललाय, नखाला लागतो. दोन्ही फोटो टाकलेत.

रंधाकाका

फोटो बघितले. छान आलंय.

डावी : साच्यात हाताच्या बोटांनी दाबल्यावर भिंतीला टेकते का? टेकत असली तर काही करू नको, लायनिंग (पाटी चिकटवायला पट्टीच्या आतल्या कडेनं लावतात ती बारीक पट्टी) आणि पाठ चिकटली की तिथंच बसणार. क्लॅम्प आवळून न्यावी लागत असली तर मात्र तसंच चिकटवू नको. तो ताण पेटीत कायमचा कोंडला जातो आणि एखाद्या एप्रिलमध्ये जोड सोडतो. परत पाइपवर जा, कागद ओला करून फक्त कमर शेकून घे. आकृतीपेक्षा किंचित जास्त वाकव, थोडी परत येईलच.

उजवी : फास गरम असतानाच बसवायचा असतो, पण अजून वेळ गेलेली नाही. पट्टी पूर्ण वाळू दे. मग पातळ सुपरग्लूचा एक थेंब फासाच्या उघड्या तोंडाला लाव, तो स्वतःहून आत ओढला जातो. वर मेणकागद, वर ठोकळा, हलका क्लॅम्प. नंतर स्क्रॅपर. रेषेच्या दिशेनं मार, उलट नको. मी फोटोत बघितलं, तो भाग रेषा कलतात त्याच टोकाकडचा आहे, वखारवाल्यांनी आधीच सांगितलं होतं.

सहावी_तार

बोटांनी टेकते, काका. थोडा जोर लागतो, पण बोटांनीच.

आता लायनिंग. चिरा पाडलेली पट्टी विकत घेऊ की स्वतः करू?

रंधाकाका

स्वतः कर, त्यात काही नाही. साधारण ६ मिमी जाड, १५ मिमी उंच पट्टी, हलक्या लाकडाची. दर पाच-सहा मिमीला बारीक करवतीनं चीर पाड, तळाला एक-दीड मिमी जोडलेलं राहू दे. तेवढ्यानं ती गार असतानाच वळते, पाइप लागत नाही. चिरांची तोंडं आतल्या बाजूला ठेवतात, तशीच ठेव. चिकटवायला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे भरपूर लागतील. रबरबँड गुंडाळून त्यांचा जोर वाढव. घरातले सगळे जमव आणि आणखी दोन डझन आण.

लाकूड सागवानाचं नको, जड पडतं आणि चिकटवायला कटकट. तून असली तर बघ.

वखारवाला

तून आहे आपल्याकडं. सरळ रेषेची, पाच वर्षं सावलीत पडलेली, एका दाराच्या चौकटीतून उरलेली. एस.टी. पार्सलनं लातूरला टाकतो, पैशाचं नंतर बगू. पत्ता कळवा.

सहावी_तार

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.